मुलूख साताऱ्याहून मोठा, माणसे एका बाजारगावाएवढी

पंढरीच्या चंद्रभागेत तुम्ही स्नान केले असेल. पण चंद्रभागा नावाची आणखी एक नदी पार हिमालयात वाहते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या भीमेला पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखे वळण आहे म्हणून ती चंद्रभागा. तिकडची मात्र खरोखरीच दोन नद्यांची मिळून झालेली. बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी चंद्रा आणि भागा निघतात, तांदी गावापाशी भेटतात, आणि पुढे त्याच पाण्याला चिनाब म्हणतात. हा संगम ज्या जिल्ह्यात होतो तो हिमाचल प्रदेशातला लाहौल-स्पिती.

जिल्हा केवढा म्हणाल, तर १३,८४१ चौरस किलोमीटर. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा. आता माणसे मोजा. २०११ च्या शिरगणतीत साताऱ्यात तीस लाखांवर लोक भरले, आणि लाहौल-स्पितीत अवघे ३१,५६४! चौरस किलोमीटरला दोन माणसे. संबंध जिल्ह्यात शहर म्हणून एकही नाही. जिल्ह्याचे ठाणे केलाँग, तेही शिरगणतीच्या वहीत खेडेच.

माणसे इतकी थोडी का, ते उंचीवरून कळते. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. केलाँग जवळजवळ त्याच्या दुप्पट उंचीवर वसले आहे, आणि स्पितीतले किब्बर गाव ४,००० मीटरच्याही वर. लाहौल आणि स्पिती ही दोन वेगळी खोरी, मधे कुंझुम खिंड. हिवाळ्यात ती बर्फाने बंद झाली की एकाच जिल्ह्यातल्या दोन खोऱ्यांचा एकमेकांशी सरळ रस्ता उरत नाही. पीर पंजालची रांग मोसमी ढग अडवून धरते. त्यामुळे अलीकडे मनालीला धो धो पाऊस आणि पलीकडे कोरडा ठाक मुलूख, अशी तऱ्हा.

मग शेती पिकते कशावर? वितळलेल्या बर्फावर. डोंगरावरच्या हिमनदीचे पाणी अरुंद पाटाने कोसभर लांबून आणायचे आणि गावाने पाळी लावून ते घ्यायचे. या पाटाला तिकडे कूल म्हणतात. धुळे-नाशिककडच्या वाचकांना आपली फड पद्धत आठवेल. पाळी मोडणारा तिकडेही गावाला आवडत नसणार!

हंगाम एकच, साधारण मे ते सप्टेंबर. पूर्वी सातू आणि काळा वाटाणा ही मुख्य पिके. पुढे लाहौलात बटाटा आला आणि त्याने घरे उभी केली. हा बटाटा खाण्यापेक्षा बियाण्याचा म्हणून नावाजला. बटाट्यावरचे विषाणूरोग मावा पसरवतो, आणि त्या थंड वाऱ्यात मावा फारसा टिकत नाही. म्हणून बेणे निरोगी राहते. शेतकऱ्यांनी १९६६ साली स्वतःची सहकारी संस्था काढली आणि लाहौलचे बेणे दूरदूरच्या राज्यांत जाऊ लागले. अलीकडे मटार आणि फ्लॉवर यांनी बटाट्याची बरीच जागा घेतली आहे.

खताची सोयही पाहण्यासारखी आहे. जुन्या घरांत संडास वरच्या मजल्यावर, खाली बंद खोली. वरून माती-राख टाकत राहायची आणि वर्षाने कुजलेले सोनखत शेतात न्यायचे. पाणी गोठणाऱ्या मुलखात याहून शहाणी व्यवस्था मला तरी सुचत नाही.

आता जमिनीचे ऐका. भावांच्या वाटण्यांनी आपल्याकडे पट्टे कसे झाले ते सांगायला नको. स्पितीत जुन्या रिवाजाने जमीन आणि मोठे घर थोरल्या मुलाचे. तो कर्ता झाला की आईबाप धाकट्या घरात राहायला जात, आणि धाकटे मुलगे बहुधा मठात लामा होत. शेताचे तुकडे होत नसत आणि खाणारी तोंडेही वाढत नसत. रिवाज धाकट्यांवर कठोर होता, यात शंका नाही. पण तेवढ्या पाण्यावर तेवढीच माणसे जगतील, हा हिशेब त्यामागे होता.

आज प्रश्न उलटा झाला आहे. २००१ साली जिल्ह्यात ३३,२२४ लोक होते. दहा वर्षांत १,६६० कमी झाले. साताऱ्यात एवढे लोक कमी झाले तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही. तिथे मात्र हा विसावा हिस्सा होतो. लाहौलातल्या कितीतरी कुटुंबांनी कुल्लू खोऱ्यात जमीन-घर केले आहे. हिवाळा तिकडे काढायचा, पोरांना तिकडेच शिकवायचे. मग पोरे परत येतात ती पाहुण्यासारखी.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून गेलेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. पूर्वी खिंड बंद झाली की आजारी माणसाला बाहेर नेणे दैवाच्या हाती असे. आता लाहौलची वाट हिवाळ्यातही पुष्कळशी खुली असते. भाजी दुसऱ्या दिवशी बाजार गाठते. त्याच वाटेने प्रवाशांच्या गाड्याही येतात, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या खोल्यांना नळाचे पाणी लागते. ते येते त्याच हिमनद्यांतून.

या बर्फाळ भागात शिरगणती देशाच्या आधी करावी लागते. २०२७ च्या गणनेसाठी इतरत्र १ मार्च २०२७ हा दिवस धरला आहे, तर अशा भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. बोगद्याने माणसे धरून ठेवली की बाहेर जायची वाट सोपी केली, ते त्या आकड्यात दिसेल.