रंगाखालचा गंज

आपल्या जालन्याच्या भट्ट्यांत मोडीचे लोखंड वितळून त्याच्या सळया होतात. कुर्ल्यास बनलेली घरची जुनी पद्मिनी त्या वाटेने जाऊ नये, असे वाटत असेल तर प्रथम गंज ओळखावयास हवा. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आतून फुगवितो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात. ती धुळीने बुजली की तेथे गंज हमखास धरतो. त्यावर नुसती लांबी भरून रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. पत्रा चकाकेपर्यंत खरवडावा व त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा; मग लांबी, घासकाम आणि रंग.

जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. त्याची कोरडी धूळ छातीत जाते, कपड्यांवरून मुलांपर्यंत पोचते. म्हणून रंग ओल्या पॉलिश पेपरनेच घासावा व पत्रा लगेच कोरडा करावा. हार्डनर मिसळलेला रंग घरी फवारूच नये. त्यातील आयसोसायनेटने दमा जडू शकतो; तोंडावरचा रुमाल ते अडवीत नाही.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. गाडी रंगावयास देताना, रंगाऱ्याला योग्य मुखवटा व खेळती हवा आहे काय, हे आम्ही भावाआधी विचारतो. आपणही विचारावे.