माळाच्या मातीआड

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडी परिसरात, वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कर्जत, श्रीगोंदा, जामखेड हे तालुके मात्र पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथील माळांना जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. अशा कोरड्या माळांवर तग धरणाऱ्या बेडकांत ‘स्फेरोथेका’ या प्रजातीचे, म्हणजे परस्परांशी निकटचे नाते असलेल्या जातींच्या गटाचे, बेडूक विशेष लक्षणीय आहेत. या गटातील जातींची ओळख अजून पूर्ण झालेली नाही. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये पश्चिम भारतातील अशा बेडकाला ‘स्फेरोथेका पश्चिमा’ हे नाव दिले आणि जातींच्या सीमांची चर्चा त्यानंतरही चालू राहिली.

या बेडकाच्या मागच्या पायांच्या तळव्यांवर आतल्या बाजूस फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने आळीपाळीने माती उकरत तो पाठीमागून जमिनीत उतरतो, त्यामुळे डोके शेवटी दिसेनासे होते आणि वरची माती आपोआप त्याच्यावर ढासळते. कोरड्या काळात शरीराचे व्यवहार मंदावून तो तेथेच निपचित राहतो; या अवस्थेला ग्रीष्मनिष्क्रियता म्हणतात. मृगाच्या सरी पडून माती भिजली की नर डबक्यांकाठी मोठ्याने डरावू लागतात, माद्या अंडी घालतात आणि बेडूकमाशांना डबके आटण्यापूर्वी, काही आठवड्यांतच, पाय फुटून जमिनीवर यावे लागते. वर्षातल्या मोजक्या रात्रीच दिसणारा हा प्राणी म्हणूनच दुर्मिळ वाटतो. पण दिसण्यातली दुर्मिळता वेगळी आणि संख्येतली वेगळी, हा भेद संवर्धनात फार महत्त्वाचा आहे, कारण जो दिसत नाही त्याचे घटणेही लक्षात येत नाही.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अभयारण्य 1980 मध्ये काळविटांसाठी घोषित झाले, आणि काळविटांसाठी राखलेल्या माळाचा लाभ मातीखालच्या जिवांनाही होतो. परंतु इतरत्र पुष्कळदा माळ ‘पडीक’ ठरवून जेसीबीने सपाट केला जातो आणि त्याबरोबर उथळ डबकीही बुजतात. ‘पडीक’ हा शब्दच येथे अन्यायकारक आहे. डबक्याची जागा शेततळे घेईल असे वाटू शकते, पण प्लास्टिकने अस्तरलेल्या तळ्यात उकरायला माती नसते आणि आत पडलेल्या लहान प्राण्याला निसरडी कड चढता येत नाही. काठावरून पाण्यापर्यंत सोडलेली काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर हा त्यावरचा अल्पखर्चिक उपाय आहे, आणि बांधालगतचे एखादे उथळ डबके पाऊसकाळभर न बुजवता ठेवण्यास तर काहीच खर्च येत नाही.