चारचौघांत बोलताना (भाग 6) : आधी पाळीवर, मग माइकवर

सडक अर्जुनी तालुक्यातल्या एखाद्या गावची ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा. विषय मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या दुरुस्तीचा. बोलायला उभा राहिलेला तरुण शिकलेला आहे, तळमळीचा आहे, हातात पाच पानं आहेत. ‘जलसंधारणाचे महत्त्व’ इथून तो सुरुवात करतो आणि तिसऱ्या मिनिटाला मागची माणसं धानाच्या बोनसवर बोलू लागतात.

आपल्याकडचे लोक ऐकूनच घेत नाहीत, असं अशा वेळी म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. धान निघाल्यावर हीच माणसं झाडीपट्टीचं नाटक पाहायला थंडीत रात्रभर बसतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. आपल्या माणसांना ऐकण्याचा कंटाळा नाही. त्यांना बोलण्यात आपलं गाव दिसावं लागतं.

ते कसं दिसावं, हे गाडगेबाबांइतकं कुणी दाखवलेलं नाही. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. मला हा झाडण्याचा वेळ कीर्तनाच्या तयारीचाही वाटतो. कुठे घाण साचते, कुणाच्या दारात काय चाललंय, हे हातात खराटा घेऊन फिरणाऱ्याला दिसतंच. कीर्तनात ते उपदेश सांगत सुटत नसत, समोरच्यांना प्रश्न विचारत. छोटा प्रश्न, लोकांचं उत्तर, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न. देवापुढे बोकड कापणं, कर्ज काढून सण करणं चुकीचं आहे, हे शेवटी लोकांच्याच तोंडून निघायचं. भाषा साधी वऱ्हाडी, आणि हातात कागद नाही.

आपल्या तरुणानेही सभेच्या आधी तलावाच्या पाळीवरून एक फेरी मारावी. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कुठे गळतं ते पाहावं. रोवणीच्या वेळी कुणाच्या बांधीला पाणी पोचलं नाही, ते त्याच्या घरी बसून विचारावं. म्हातारी माणसं तलावाचा जुना इतिहास सांगतील, तो ऐकावा. मालगुजारी 1951 मध्ये गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्याआधी गाळ कोण काढायचं आणि आता कोण काढतं, या एका प्रश्नात अख्खं भाषण आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी कमी असतील तेवढे लागतात. म्हणजे सभा भरायला शंभर चेहरेही पुरतात, तेही बहुतेक ओळखीचे. त्यांच्यापुढे अनोळखी भाषा कशाला?

मग सुरुवात अशी होईल : “यंदा शेवटच्या बांधीत पाणी कुणाच्या पोचलं नाही? हात वर करा.” हात वर झाले की सभा तुमच्याबरोबर आली. तिथे थोडं थांबा. लोकांना एकमेकांचे हात पाहू द्या, ही शांतता शब्दांनी भरू नका.

माइकबद्दल एवढंच : तोंडापासून वीतभर लांब धरा आणि नजर शेवटच्या रांगेवर ठेवा. बायका बहुधा मागे किंवा कडेला बसतात. पाण्याबद्दल त्यांना जास्त माहीत असतं, म्हणून एक प्रश्न नाव घेऊन त्यांनाच विचारा. घरी दोनदा मोठ्याने बोलून पाहा, घड्याळ लावून. पाच मिनिटांवर गेलं तर कापा, आणि कापताना आकडे आधी काढा, माणसं राहू द्या.

शेवट मात्र कागदावर लिहूनच न्या. तो ठरावाचा मजकूर असावा : कोणता तलाव, कोणतं काम, कुणाकडे मागणी. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव सहसा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. आपला कुणाकडे आहे, ते आधीच विचारून घ्या. ठराव वाचा, मंजुरी मागा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) तो नोंदवहीत लिहिलेला पाहा आणि मगच खाली बसा.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत बोलायचं असेल, तर या रविवारी सकाळी पाळीवर जाऊन या. वही बरोबर घ्या.