एका खेळाचा नियम दुसऱ्या खेळांत

ज्या खेळांत प्रत्येक गडी एखाद्या कल्पित पात्राचें सोंग घेऊन मेजाभोंवतीं बसतो, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, आणि पात्राची उडी साधली कीं फसली हें फांशांवरून ठरतें, अशा खेळांचें वेड आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस लागलें आहे. ह्या जातीचा पहिला छापून विकला गेलेला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' होय. तो गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं काढला. पुढें असे खेळ पुष्कळ निघाले, आणि एकांतील आवडता नियम दुसऱ्यांत घालावा अशी मुलांस इच्छा होऊं लागली. ही इच्छा आम्हांस चांगली वाटते. मात्र नियम उचलतांना त्याचें गणितही उचलावें लागतें, हें सांगणें अवश्य आहे.

ह्याचें घरचें उदाहरण पचिशीचें. पचिशींत कवड्या टाकतात व उताण्या किती पडल्या तें मोजतात. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असें धरलें, तर सहा कवड्यांच्या ६४ संयोगांपैकीं २० संयोगांत तीन उताण्या येतात. सहाही उताण्या एकाच संयोगांत. ह्याच खेळावरून इंग्लंडांत लुडो निघाला व १८९६ सालीं त्याचें पेटंट घेतलें गेलें. त्यांत कवड्यांच्या जागीं एक फांसा आला, आणि फांशावर सहाचें दान सरासरीनें सहांतून एकदां पडूं लागलें. पट बहुतेक तोच राहिला, पण दुर्मिळ दान नित्याचें झालें!

आतां मुलांच्या खेळाकडे वळूं. व्हिन्सेंट बेकर ह्यांच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड' (२०१०) ह्या खेळांत साधे दोन फांसे टाकतात. बेरीज दहा किंवा अधिक आली तर पूर्ण यश. सात ते नऊ आली तर काम साधतें, पण कांहीं नुकसान पदरीं येतें. सहा किंवा कमी आली तर संकट. भिंत चढलास खरा, पण कंदील खालीं पडला, अशी ही मधली पायरी आहे, आणि सारी गंमत तिच्यांतच आहे. 'डंजन्स'मध्यें वीसपैलू एकच फांसा असतो व त्याचा प्रत्येक आंकडा सारख्याच वेळां पडतो. दोन फांशांच्या ३६ संयोगांत पूर्ण यशाचे ६, मधले १५ व संकटाचे १५. ह्याच प्रमाणांत वीस आंकडे वांटले तर १ ते ८ संकट, ९ ते १७ मधलें, १८ ते २० पूर्ण यश.

येथवर सोपें आहे. परंतु पात्राच्या कौशल्याचे दोन गुण मिळवून पाहा. दोन फांशांत पूर्ण यशाचे संयोग ६ वरून १५ होतात, म्हणजे शेंकडा सुमारें ४२. वीसपैलू फांशावर तेच दोन गुण मिळविले तर शेंकडा २५च. कौशल्य निम्म्यानें बोथट झालें. तेथें दोनाऐवजीं पांच गुण द्यावे, म्हणजे शेंकडा ४० येतात. उलट 'डंजन्स'मधील मुरलेल्या वीरास अकरा गुण मिळतात. त्यास आठाच्या आंत येणेंच अशक्य, तेव्हां संकट मुळींच उरत नाहीं. म्हणून ह्या मर्यादा कायमच्या न ठेवतां कामाच्या अवघडपणाप्रमाणें सूत्रधारानें वरखालीं कराव्या.

गणितापेक्षांही नाजूक गोष्ट पुढेंच आहे. बेकरांच्या खेळांत सूत्रधार फांसे टाकीतच नाहीं. शत्रूचा वार हा गड्याच्या अपुऱ्या यशाचेंच फळ असतो. 'डंजन्स'मध्यें राक्षसास स्वतःची पाळी असते. मधली पायरी तेथें तशीच नेली, तर गडी आपल्या पाळीस एक वार खातो आणि राक्षसाच्या पाळीस दुसरा. नियम आणणारा बहुधा गटांतील चलाख मुलगा असतो. दोनदां मार खाणारा सर्वांत धाकटा, आणि त्याचें पात्र दर डावीं गारद झालें म्हणजे तो खेळावयास येईनासा होतो. तेव्हां नुकसान जखमेचें न करतां वेळेचें, वस्तूचें किंवा गुपिताचें करावें; नाहीं तर राक्षसाची पाळीच काढून टाकावी.

फांसे दिसतांच कित्येक पालकांच्या कपाळीं आठ्या पडतात. १९८०च्या दशकांत अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती मंडळींनींही ह्या खेळांत भूतविद्या आहे म्हणून गिल्ला केला होता. आमच्या मतें जेथें पैसा लावला जात नाहीं तेथें फांसा हें केवळ साधन आहे. वधस्तंभापाशीं शिपायांनीं चिठ्ठ्या टाकल्या, आणि मत्थियाची निवड करतांना प्रेषितांच्या मंडळीनेंही टाकल्या. पालकांनीं विचारावयाचेंच तर धाकट्यास किती वेळां बाहेर बसावें लागलें तें विचारावें.

नवा नियम लागू करण्यापूर्वीं मुलांनीं ३६ घरांचा तक्ता आंखावा, शेजारीं वीस घरांची ओळ काढावी, आणि गटांतील सर्वांत दुबळ्या पात्राचे गुण घालून दोन्ही ठिकाणीं संकटाचीं घरें मोजावीं. आठवीच्या मुलास हें अर्ध्या तासांत जमतें.