पित्ताची गोळी आणि जेवणाचा डबा

शिरूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: रांजणगाव एमआयडीसीत पाळीचं काम, वर्षभर छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री घशाशी येतं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी फरक नाही. आता ‘पुण्याला जाऊन दुर्बीण घालून घ्या’ असा सल्ला मिळालाय. एवढा खर्च करावा का?

आधी जे टाळून चालणार नाही ते. घास अडकत असेल, वजन घटत असेल, उलटीत रक्त किंवा काळी शौच होत असेल, रक्त कमी झालं असेल, तर एंडोस्कोपी करून घ्यावीच. छातीतलं दुखणं दंडात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पीत बसू नये, आधी ईसीजी. यातलं काही नसेल, तर पहिली तपासणी म्हणजे खुद्द गोळीच. चार ते आठ आठवडे नीट घेऊन बघायची. गुण आला तर उपचार झाला आणि बहुधा निदानही. इतकी स्वस्त तपासणी वैद्यकात विरळाच. मेख आहे ती ‘नीट’मध्ये.

जठराच्या अस्तरातले पंप जे आम्ल बाहेर टाकतात, ते रक्ताच्या दहा लाख पटींहूनही तीव्र असतं. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या त्या पंपाला कुलूप घालतात. गंमत अशी की गोळीतलं औषध मुळात निष्क्रिय असतं. आतड्यातून रक्तात, रक्तातून त्या पेशीत पोहोचतं आणि जिथे आम्ल झिरपतंय तिथेच रूप पालटून पंपाला चिकटतं. आम्लानेच स्वतःचा मारेकरी घडवायचा! पंप बंद असेल तर औषध नुसतंच फिरतं आणि काही तासांत रक्तातून निघून जातं. दौंडच्या ऊसपट्ट्यात रात्री-अपरात्री पाणी धरणाऱ्याला हे लगेच उमगेल: लाइट आल्याशिवाय मोटर चालत नाही, आणि ही गोळी फक्त चालू मोटरच बंद पाडू शकते. पोटातली लाइट म्हणजे जेवण.

म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. जेवल्यावर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. शिवाय सगळे पंप एकदम चालू नसतात, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात.

आता तिसऱ्या पाळीचा कामगार बघा. चिठ्ठीवर असतं ‘सकाळी उपाशीपोटी’. तो आठला घरी येतो, इमानाने गोळी घेतो आणि काही न खाता झोपतो. गोळी फुकट. किंवा गोळी घेऊन लगेच पोटभर जेवतो आणि तसाच आडवा होतो, म्हणजे आम्लाला वर यायला मोकळी वाट. अशाने गोळीचा वेळ रात्रीच्या डब्याशी जुळवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवावेत, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

हा पंप सापडला तो बेडकाच्या जठरात, १९७३ साली, गॅन्सर आणि फोर्ट यांना. पण तो खरोखर आम्ल उपसतो, हे १९७६ मध्ये डुकराच्या जठरावर दाखवलं जॉर्ज सॅक्स यांनी. व्हिएन्नात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थिरावलेले सॅक्स पुढे स्वीडनच्या हेसले कंपनीच्या संशोधकांसोबत काम करू लागले. तिथे १९७९ मध्ये ओमेप्रॅझोल तयार झालं, १९८८ मध्ये बाजारात आलं. त्याच १९८८ मध्ये, आधीच्या पिढीच्या सिमेटिडिनसाठी आणि बीटा-ब्लॉकरसाठी, जेम्स ब्लॅक यांना नोबेल मिळालं. ब्लॅक थोरच, पण ज्या पंपावर आज जगभर गोळ्या खपतात, तो उलगडणाऱ्या सॅक्स यांना नोबेल कधीच मिळालं नाही.

दुर्बिणीकडे वळू. (तिच्या मुळाशी पंजाबातल्या मोगा इथले नरिंदरसिंग कपानी आणि हॉपकिन्स यांचा १९५४ चा काचतंतूंवरचा शोधनिबंध आहे. तो वाचून हिर्शोविट्झ यांनी लवचीक दुर्बीण घडवली आणि १९५७ मध्ये पहिल्यांदा स्वतःच गिळली!) यंत्र अप्रतिम, पण जळजळ होणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांच्या अन्ननलिकेत तिला काहीच दिसत नाही. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल, जळजळ कायम. खर्चही नुसता तपासणीचा नसतो. उपाशीपोटी जायचं, भूल दिली तर सोबत माणूस हवा. दौंडहून पहाटेची गाडी, शिरूरहून एसटी, आणि दोघांचा खाडा. त्याआधी शिरूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत.

महागडी गोळी जास्त गुणकारी, हाही भ्रमच. ओमेप्रॅझोलचं पेटंट संपत आलं तेव्हा त्याच रेणूचा एक आरसारूपी भाग वेगळा काढून ‘इसोमेप्रॅझोल’ नावाने विकायला काढला. फायदा थोडा, जाहिरात अफाट. आपल्याकडे नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ लावलेल्या गोळ्यांत डॉम्पेरिडोन असतं. हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामामुळे युरोपने २०१४ मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. नुसत्या जळजळीला ते कशाला? जनऔषधी केंद्रातली साधी गोळी पुरते.

शेवटी, वर्षानुवर्षं चालणाऱ्या पट्टीबद्दल. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठ आठवडे खरी गोळी, निम्म्यांना खोटी. गोळी थांबवल्यावर खरी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना पित्ताची लक्षणं जाणवली, खोटी घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. दबलेलं जठर मोकळं होताच जास्त आम्ल सोडतं. माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय चालतच नाही’, आणि नवी पट्टी आणतो. औषधाने आपलं गिऱ्हाईक स्वतःच तयार केलेलं असतं. अन्ननलिकेला जखमा असलेल्यांनी किंवा ॲस्पिरिन, वेदनाशामकं घेणाऱ्यांनी परस्पर थांबवू नये. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. गोळी सुरू करतानाच दोन प्रश्न विचारून घ्यावेत: कुठल्या जेवणाआधी, आणि कधीपर्यंत? दुसऱ्याचं उत्तर चिठ्ठीवर सहसा लिहिलेलं नसतं.