राजपुऱ्यातला उजेड मोजताना

नेट बंद पडलं म्हणून केबलवाल्याला फोन केला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "मॉडेम बंद करून चालू करा." पुष्कळदा तेवढ्याने भागतं. भागत नाही तेव्हा मात्र एक आकडा पाहावा लागतो, आणि तो पैसे भरणाऱ्या माणसाला कोणी आपणहून सांगत नाही. बऱ्हाणपुरात राजपुऱ्याच्या आमच्या गल्लीत उन्हाळ्यात जो घोळ झाला, तो या एका आकड्याचा होता.

घराघरांत भिंतीवर पांढरा डबा असतो. आम्ही सगळे त्याला मॉडेम म्हणतो, केबलची पोरं ओएनयू म्हणतात. त्यात जाणाऱ्या बारीक तारेला हिरव्या डोक्याचा कनेक्टर असतो. तारेत तांबं नाही, केसाएवढी काच आहे, आणि त्या काचेतून नुसता उजेड येतो. एकाच काचेवर तीन उजेड असतात. इंटरनेट घराकडे आणणारा १४९० नॅनोमीटरचा, घरातून परत जाणारा १३१० चा, आणि केबलवाला त्याच तारेवर टीव्हीही देत असेल तर त्याचा १५५० चा. तिन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. डब्यावरचा 'पॉन' दिवा स्थिर हिरवा असला की सगळं ठीक. 'लॉस'चा दिवा लाल झाला की उजेड पोचत नाही.

आमच्याकडे लाल दिवा सतत नव्हता. सकाळी नेट चालायचं, ऊन चढलं की जायचं, मध्येच पाच मिनिटं यायचं, पुन्हा लाल. मुलीचा ऑनलाइन वर्ग अर्ध्यावर तुटायचा. टीव्ही मात्र स्वच्छ दिसत होता. टीव्ही त्याच तारेवरून येतो हे माहीत असल्यामुळे तार चांगली आहे असंच सगळ्यांनी धरलं. केबलवाल्याचा पोरगा मीटर घेऊन आला. मॉडेमची तार काढून त्याने मीटरला लावली. मायनस ८.६. "काका, लाइट तर भरपूर आहे. तुमचं मॉडेमच गेलंय." त्याने नवा डबा बसवला. दुपारी तोही लाल झाला.

इथे आकड्याचं गणित सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हा उजेड डीबीएम या मापात मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. मायनस १० म्हणजे त्याचा दहावा भाग, मायनस २० म्हणजे शंभरावा, मायनस ३० म्हणजे हजारावा. आकडा दर तीनने, म्हणजे तीन डेसिबलने, खाली आला की उजेड निम्मा होतो. घरातलं साधारण मॉडेम मायनस २७ पर्यंतचा उजेड वाचू शकतं, म्हणजे मिलिवॉटचा सुमारे पाचशेवा भाग. इतक्या क्षीण उजेडातून दर सेकंदाला अडीच अब्ज शून्य-एक ओळखायचे असतात. मायनस २७ च्या काठावर आलेलं कनेक्शन म्हणूनच धड मरत नाही आणि धड चालतही नाही. ऊन, जरा हललेला कनेक्टर, एवढंही त्याला पुरतं.

मग मायनस ८.६ असताना नेट का जात होतं? हा प्रश्न विचारायला कोणी तयार नव्हतं. मी मॉडेमखालच्या चिठ्ठीवरचं नाव-पासवर्ड घालून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडलं. आत एका पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे मॉडेमपर्यंत पोचणाऱ्या उजेडाचा आकडा, अशी ओळ होती. मायनस २८.१. एकाच तारेचे दोन आकडे, आणि त्यांत जवळजवळ वीस डेसिबलचं अंतर. वीस डेसिबल म्हणजे शंभर पट.

त्या पानाचा फोटो मी केबलवाल्याला पाठवला. मग पोराबरोबर एक वयस्क माणूस आला. पोरगा त्यांना उस्ताद म्हणत होता. उस्तादांनी फोटो पाहिला, पोराचा मीटर हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, तू टीव्हीचा लाइट मोजतोयस." साध्या मीटरवर १४९० चं बटण दाबलं तरी मीटर १४९० तेवढंच वेचून घेत नाही. आत पडणारा सगळा उजेड तो एकत्र मोजतो, बटणाने फक्त हिशेबाची दुरुस्ती बदलते. टीव्हीचा उजेड नेटच्या उजेडापेक्षा कितीतरी जोरदार सोडलेला असतो. मीटर त्याचा आकडा दाखवत होता आणि नेटचा उजेड त्याखाली बुडालेला होता. उस्तादांच्या पिशवीत दुसरा मीटर होता, आत गाळण्या असलेला, टीव्ही आणि नेट वेगळं सांगणारा पॉन मीटर. त्यावर टीव्ही मायनस ८.६ आणि नेट मायनस २८.

टीव्ही का दिसत होता तेही उलगडलं. वाटेत कुठेतरी दोन्ही उजेड सारखेच कमी झाले होते. टीव्हीकडे गमावण्यासारखं बरंच होतं, म्हणून चित्र टिकलं. नेट आधीच काठाजवळ होतं. उस्तादांनी पोराला आणखी एक सांगितलं. तार कुठे दुमडली असती तर उलट झालं असतं : लांब लहरीचा उजेड वळणावर जास्त गळतो, म्हणजे १५५० चा टीव्ही आधी बिघडला असता. म्हणून कपाटामागे तार चेमटलीय का हे पाहण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

सगळीकडे तार काचेचीच असते असं नाही. मुंबई-पुण्यात हॅथवेसारख्यांनी टीव्हीच्या जाड को-ॲक्सियल तारेवरून नेट दिलं. त्या मॉडेमचे आकडे वेगळ्या मापात असतात, डीबीएमव्ही. खाली येणारा सिग्नल शून्याच्या आसपास, साधारण मायनस ७ ते प्लस ७ मध्ये हवा. मॉडेमने वर पाठवायचा जोर ३५ ते ५० च्या दरम्यान. तो जोर ५० च्या वर गेला की वाटेत काहीतरी त्याला अडवतंय असं समजायचं. एकाच्या दोन तारा करणारा साधा स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो. ज्या घरात तीन टीव्ही आणि एक मॉडेम एकाच तारेवर आहेत तिथे दोष शोधायला पुष्कळदा घराबाहेर जावंच लागत नाही. माप बदललं तरी रीत तीच : आकडा वाचायचा, आणि तो कुठे पडला ते मागे मागे जात पाहायचं.

आम्ही मागे जायला लागलो. मी कागदावर लिहीत होतो, उस्ताद सांगत होते. केबलवाल्याच्या ऑफिसातून उजेड निघतो प्लस ४ ला. पहिल्या पेटीतल्या स्प्लिटरमध्ये एकाचे आठ होतात, साडेदहा गेले. गल्लीच्या पेटीत पुन्हा एकाचे आठ, आणखी साडेदहा. जोड आणि कनेक्टर मिळून तीन, काचेचा एक. बेरीज मायनस २१. म्हणजे घरात मायनस २१-२२ यायला हवं होतं आणि सहा-सात डेसिबल गहाळ होते.

काचेचा फक्त एक, हे ऐकून मला नवल वाटलं. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडलं होतं, की काचेतली घट किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणता आली तर तिच्यातून दूरसंचार शक्य आहे. त्या कामासाठी काव यांना २००९ चं नोबेल मिळालं. आजची काच किलोमीटरमागे पाव ते एक तृतीयांश डेसिबल खाते. गल्लीच्या पेटीपासून आमच्या घरापर्यंतची साठ-सत्तर मीटर तार जे खाईल ते मीटरवर दिसणारही नाही. उजेड गळतो तो जोडांवर.

मागे मागे जाऊन अडथळा शोधणं बऱ्हाणपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मुघल सरदार खानखानाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याचं पाणी जमिनीखालून नुसत्या उताराने शहराकडे येतं, आणि वाटेत ठरावीक अंतरावर कुंड्या आहेत म्हणून कुठे अडलं ते उतरून पाहता येतं. उस्ताद तसेच एकेका पेटीशी थांबून माप घेत होते. गल्लीच्या पेटीत स्प्लिटरच्या तोंडाशी नेट मायनस २१.४. घरात मायनस २८.१. मध्ये एक तार आणि तिची दोन टोकं.

पेटी होती यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या, शेडसमोरच्या भिंतीवर. झाकणाची कडी तुटलेली, वायरने बांधलेलं. उस्तादांनी आधी घरातलं मॉडेम बंद करायला लावलं, मग आमच्या तारेचं टोक काढून हातातल्या मायक्रोस्कोपखाली धरलं आणि मला पडद्यावर पाहायला सांगितलं. करड्या गोल पृष्ठभागावर मधोमध बारीक ठिपका. तो काचेचा गाभा, नऊ मायक्रॉनचा. त्यावरून आडवा गेलेला कापसाचा एक तंतू, भोवती तेलकट काळसर थर. कापसाचा तंतू दहा ते वीस मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाभ्यापेक्षा रुंद. लूमवरून उडणारी ही कापसाची धूळ आम्ही रोज केसांतून, पडद्यांवरून झटकतो. तिचा एक तंतू घराचं नेट अडवू शकतो, हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं.

साफ करायला पाच मिनिटं लागली. अल्कोहोलने ओला केलेला बिनधाग्याचा कागद, मग कोरडा, मग पुन्हा मायक्रोस्कोप. समोरचं टोकही पुसलं, कारण घाण एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर जाते. पोरगा फुंकर मारायला गेला तेव्हा उस्तादांनी हात धरला : तोंडातली वाफ काचेवर बसते. तार लावली. घरात मायनस २१.९. नंतर आमच्या घरी लाल दिवा लागला नाही. काढून नेलेला जुना डबा नीट होता.

माझं म्हणणं पोराविरुद्ध नाही. साधा मीटर हजार-दीड हजारात मिळतो, पॉन मीटर त्याच्या कितीतरी पट महाग, आणि मायक्रोस्कोप फार थोड्यांकडे असतो. पोराच्या हातात जे दिलं त्यावर त्याने मोजलं. पण जो टीव्ही आणि नेट एकाच काचेवर देतो, त्याने आपल्या माणसांना दोन उजेड वेगळे मोजणारं साधन द्यायलाच हवं, आणि यंत्रमागाच्या गावात पेटीचं झाकण नीट बंद होईल हे पाहायला हवं. नाहीतर चांगली मॉडेमं काढली जात राहतील, दोष भिंतीवरच्या पेटीत तसाच राहील.

घरच्यांसाठी थोडं. तारेचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. उजेड दिसत नसला तरी तो डोळ्यांत जातो. हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटात बसवू नका. हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. ते खटकन बसतात, पण एकमेकांना भिडत नाहीत आणि उजेड वाया जातो. आणि नवं कनेक्शन घ्याल त्याच दिवशी मॉडेमच्या पानावरचा आरएक्स पॉवरचा आकडा वाचून डब्याच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवा. मायनस १५ ते २४ असेल तर काम चांगलं झालंय. मायनस २५ च्या पलीकडे असेल तर बसवायला आलेला माणूस घरात असतानाच दुरुस्त करून मागा.