शेंद्र्याची ऑक्टाव्हिया, अर्धापूरचं शेड

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत २००१ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. तीन वर्षांनी तिची आरएस आवृत्ती आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व्ह आणि १५० अश्वशक्ती. मारुती ८००च्या चाळिशीच्या आत-बाहेरच्या अश्वशक्तीवर समाधान मानणाऱ्या त्या काळात ही गाडी उद्योजकांनी आणि डॉक्टरांनी घेतली, हौसेनं पळवली आणि पुढे विकली. आज ती जुन्या बाजारात बरीच स्वस्तात मिळते. म्हणूनच ती लहान गावांत पोहोचू लागली आहे, जिथे तिच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, पण पत्र्याचं शेड, वेळ आणि हत्यारं हाताळायची सवय आहे.

अर्धापूरचंच घ्या. नांदेडच्या उत्तरेला, केळीच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर येतं. चौपदरी रस्ता झाल्यापासून गाडी सहज शंभराच्या पुढे जाते. पण याच रस्त्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते, फाट्यावर अचानक वळणारा टेम्पो असतो आणि दुभाजकातली झुडपं खाणारी जनावरंही असतात. इथे वीस वर्षांची वेगवान गाडी आणणाऱ्यानं पहिला खर्च इंजिनावर करायचा नाही, ब्रेकवर करायचा. आणि ब्रेकमध्येही पहिला खर्च दिसणाऱ्या वस्तूवर करायचा नाही.

दिसणारी वस्तू म्हणजे मोठी डिस्क आणि तिच्यावरचा लाल रंगवलेला कॅलिपर. हौशी मंडळी तिथूनच सुरुवात करतात. त्या आधी थोडा हिशोब केलेला बरा. माणसं धरून १४०० किलोची गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं जात असेल, तर तिच्यात सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा असते. ती थांबवायची म्हणजे एवढ्या ऊर्जेची उष्णता करायची. तेवढ्यात पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. वेग एकशे चाळीसवर गेला की हा आकडा दुप्पट होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही सगळी उष्णता चार डिस्कना पोटात घ्यावी लागते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोघींवर पडतो, कारण ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढे झुकतं.

गाडीला प्रत्यक्ष थांबवतो तो टायर. कारखान्यातून आलेला ब्रेक चाकं जाम होण्याच्या सीमेपर्यंत नेत असेल आणि एबीएस चालू होत असेल, तर त्याहून मोठी डिस्क लावल्यानं पहिल्या ब्रेकचं अंतर जवळपास कमी होत नाही. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरनिशी शंभराच्या वेगावरून चाळीस-पंचेचाळीस मीटर लागणार म्हणजे लागणारच. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी पाहायला गेल्यावर बॉनेट उघडण्याआधी ही खूण वाचावी. नक्षी शाबूत असली तरी उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टायरचं रबर कडक झालेलं असतं.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि झाकण बंद असलं तरी रबरी नळ्यांतून ओल हळूहळू आत शिरतेच. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना दोन-तीन वेळा जोरात ब्रेक मारावा लागला, तर चार वर्षं न बदललेलं ऑइल दगा देऊ शकतं. काहीशे रुपयांचं हे काम दर दोन वर्षांनी करायचं असतं. जुन्या गाड्यांत बहुधा तेच राहून गेलेलं असतं. डॉट ५ नावाच्या सिलिकॉन ऑइलच्या वाटेला जाऊ नये, एबीएसच्या गाडीला ते चालत नाही.

घरच्या शेडमध्ये हे काम होतं, पण शिस्तीनं. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही. खाली स्टँड हवेतच आणि जमिनीवरच्या चाकांना उटी. कॅलिपर सोडला की तो नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा. पुढचा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या सात मिलिमीटरच्या ॲलन पान्यानं निघतात. त्या गंजल्या असतील तर आतला पॅड झिजून पत्र्याला टेकतो आणि बाहेरचा निम्मा शिल्लक राहतो. पिना घासून, उष्णतेला टिकणारं ग्रीस लावून बसवल्या की कितीतरी ‘खराब’ कॅलिपर पुन्हा चालू लागतात. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती व्हर्नियरनं मोजायची.

मागच्या चाकाशी मात्र भल्याभल्या मेस्त्रींची गल्लत होते. तिथे हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या आतच असल्यामुळे पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो दाबता दाबता फिरवावा लागतो. शिकंजा लावून जबरदस्ती केली की आतली यंत्रणा मोडते आणि नवा कॅलिपर आणावा लागतो. रबरी नळ्याही बाहेरून पाहून पास करू नयेत. आतलं अस्तर फुगलं की ऑइल जातं पण परत येत नाही, आणि ते चाक ब्रेक धरून बसतं. शेवटी एअर काढायची. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर दोघांनी पेडल मारून ती निघेलच असं नाही. लॅपटॉपला जोडून पंप चालवावा लागतो. या एका कामासाठी नांदेडला किंवा लातूरला जायची तयारी ठेवावी.

एवढं सगळं झाल्यावर मोठ्या डिस्कचा विषय काढायला हरकत नाही. पहिली ऑक्टाव्हिया आणि चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ एकाच सांगाड्यावरच्या, त्यामुळे या कुटुंबात २८०, २८८ आणि ३१२ मिलिमीटरच्या डिस्क सापडतात. २८८ची गाडी असेल तर तोच कॅलिपर ठेवून फक्त त्याचा ब्रॅकेट आणि डिस्क बदलून ३१२वर जाता येतं, मात्र चाक किमान सोळा इंची हवं. थांबवण्याची पकड सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. खरा फायदा जास्त लोखंडाचा आहे: ते उष्णता अधिक सामावून घेतं, म्हणून पाचव्या-सहाव्या ब्रेकलाही पेडल तसंच राहतं. घाटात उतरणाऱ्याला हे उपयोगी आहे. अर्धापूर–नांदेड ये-जा करणाऱ्याला तेच पैसे चांगल्या टायरवर घालवलेले जास्त लाभतील.

इंजिनाच्या बाबतीत मराठवाड्यात एक खास शत्रू आहे, बोअरचं पाणी. रेडिएटरमध्ये ते जड पाणी ओतत राहिलं की क्षार साचतात. गुलाबी जी-१२ कूलंटमध्ये हिरवं कूलंट मिसळलं तर चिखल होतो तो वेगळाच. बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर वापरावं, यात काटकसर नको. टायमिंग बेल्ट किती चालला हे कुणी सांगू शकत नसेल तर तो संपलाच असं धरायचं, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्टसोबत पाण्याचा पंपही बदलावा. आणि सोयाबीन शेडमध्ये आलं की उंदीर येतात. वायरिंग त्यांना फार आवडतं.

सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात किंवा हैदराबादला मिळतात. पॅड आणि डिस्क मात्र जुन्या बाजारातून घेऊ नयेत. नकली पॅड खोक्यावरच्या छपाईवरून ओळखू येत नाही, म्हणून पक्कं बिल देणारा दुकानदारच निवडावा.

कागदपत्रांचाही खर्च धरायला हवा. खासगी गाडीच्या नोंदणीचं पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झालं, आणि वीस वर्षांपुढच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील बदलतील असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. डिस्कचा व्यास आरसीवर नसतो, तरी बदल केला तर विमा कंपनीला कळवून ठेवावा.

नवे पॅड आणि डिस्क बसवल्यावर पहाटे, रस्ता मोकळा असताना, ताशी ऐंशीवरून वीसपर्यंत मध्यम जोरानं आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता, आणि दर वेळी मध्ये थोडं अंतर चालवत थंड होऊ द्यायचं. यानं पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. गरम डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली तर तो थर एका जागी चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. घरी आल्यावर गाडी थंड झाली की चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर पुन्हा एकदा टॉर्क पान्यानं तपासायचे.